विसरभोळ्या खिडकीचा इतिहास

आंतरजाल ज्या नियमावर उभे आहे तो नियम मुळात विसरण्याचा आहे, हे कळले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. आपण न्याहाळकात एखाद्या दुव्यावर टिचकी मारतो. पलीकडचा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो मागितलेले पान पाठवतो आणि मोकळा होतो. पुढची टिचकी मारली की त्याच्या लेखी आपण पुन्हा अनोळखी. कचेरीच्या खिडकीवर बसलेला एखादा कारकून दर दोन मिनिटांनी मान वर करून "बोला, काय काम आहे?" असे नव्याने विचारत असेल, तसेच हे.

मग बँकेचे संकेतस्थळ आपल्याला नावाने कसे ओळखते? रेल्वेचे तिकीट काढताना एका पानावर गाडी निवडली, दुसऱ्यावर प्रवाशांची नावे लिहिली, तिसऱ्यावर पैसे भरले, तरी शेवटी सगळे एकाच तिकिटावर कसे येते? एका विनंतीतली माहिती दुसऱ्या विनंतीपर्यंत कोण वाहून नेते?

मी शाळेत इतिहास शिकवत असे. त्यामुळे 'हे असे का' ह्याच्याआधी 'हे असे कधीपासून' हा प्रश्न मला पडतो. आमच्या घरातली तरुण मंडळी जावा ह्या संगणकभाषेत काम करून पोट भरतात. त्यांना विचारून आणि स्वतः वाचून जे हाती लागले, ते माझ्या रीतीने मांडते.

सुरुवात १९८९ सालची. जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी कागदपत्रे दुव्यांनी एकमेकांना जोडण्याची योजना मांडली. १९९१ च्या सुमारास त्यांनी न्याहाळक आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे जे नियम लिहिले, त्यांना एचटीटीपी म्हणतात. पहिल्या रूपात त्यात आज्ञा एकच होती, 'अमुक पान दे'. पान दिले, जोडणी तुटली, की सर्व्हरने त्या मागणीची कोणतीही नोंद ठेवायची गरज नाही, असे त्यात स्पष्ट होते.

ह्यात निष्काळजीपणा नव्हता. सर्नमधल्या शास्त्रज्ञांना एकमेकांचे लेख वाचायचे होते. वाचनालयातल्या माणसाला तुम्ही काल कोणते पुस्तक चाळले हे लक्षात ठेवायचे कारण नसते. शिवाय विसरण्यात मोठी सोय आहे. सर्व्हरवर ओझे राहत नाही, तो असंख्य लोकांना पाने वाटू शकतो, बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही, आणि एका सर्व्हरच्या जागी दुसरा आणून बसवला तरी वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी मोफत खुले केले, आणि ते जगभर पसरले त्याला हा हलकेपणाही कारण होता.

अडचण आली ती वाचनालयात दुकान उघडल्यावर. दुकानदाराला गिऱ्हाईक आठवावे लागते. साबण टोपलीत टाकून तांदळाकडे वळेपर्यंत साबण नाहीसा झाला, तर दुकान चालायचे कसे?

पहिला उपाय अगदी सरळ होता. सर्व्हरला आठवत नाही ना, मग सगळी माहिती गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायची. अर्जाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे रकाने ठेवायचे आणि आधीच्या पानांवर भरलेले सगळे त्यांत लिहून पाठवायचे. पुढचे बटण दाबले की ते सर्व्हरकडे परत येते. आपल्या कचेऱ्यांत अर्जदार स्वतःची फाईल काखोटीला मारून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो, तसे. पण फाईल ज्याच्या हातात, त्याला तिच्यात खाडाखोडही करता येते. काही दुकानांनी तर वस्तूची किंमतसुद्धा अशाच लपवलेल्या रकान्यात ठेवली होती. चलाख माणसाने पान उतरवून घ्यायचे, आकडा बदलायचा आणि महाग वस्तू चार पैशांत मागवायची. रकाना लपवला म्हणजे सुरक्षित झाला असे होत नाही, हा धडा अनेकांनी नुकसान सोसून घेतला.

दुसरा उपाय १९९४ साली निघाला. कॅलिफोर्नियातल्या नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली नावाचा तरुण अभियंता होता. एमसीआय ह्या दूरध्वनी कंपनीसाठी आंतरजालावर दुकान उभारण्याचे काम चालले होते, आणि अर्धवट झालेल्या खरेदीची नोंद आपल्या सर्व्हरवर ठेवायला ती कंपनी राजी नव्हती. मॉन्टुली यांनी जॉन जियानान्ड्रिया यांच्यासह तोड काढली ती अशी, की सर्व्हरने पानाबरोबर एक छोटी चिठ्ठी पाठवायची, न्याहाळकाने ती जपून ठेवायची आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना न चुकता दाखवायची. संगणकवाल्यांच्या बोलीत, उघडून न बघता जसाच्या तसा परत करायच्या अशा पुडक्याला 'मॅजिक कुकी' म्हणत. त्यावरून ह्या चिठ्ठीचे नाव कुकी पडले. ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केपच्या चाचणी-आवृत्तीत ती होती.

चिठ्ठीत सगळी टोपली लिहायची, की फक्त एक क्रमांक? इथे मला देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवतो. आपण चपला देतो, तो बिल्ला देतो. बिल्ल्यावर नुसता आकडा असतो, चपला फळीवर असतात. येताना बिल्ला दाखवला की त्या क्रमांकाच्या चपला मिळतात. कुकीत असा क्रमांक ठेवायचा आणि खरी माहिती सर्व्हरच्या फळीवर, ही रीत पुढे सर्वत्र रूढ झाली. त्या फळीवरच्या कप्प्याला सेशन म्हणतात.

आता जावाकडे येऊ. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९५ च्या मे महिन्यात ही भाषा जगापुढे आणली. त्या काळी सर्व्हरवर कार्यक्रम चालवायचे तर अमेरिकेतल्या एनसीएसए ह्या संस्थेत १९९३ साली ठरलेली सीजीआय ही पद्धत होती. तिच्यात प्रत्येक विनंतीसाठी नवा कार्यक्रम सुरू व्हायचा आणि उत्तर देऊन संपायचा. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा कारकून नेमायचा आणि काम होताच त्याला घरी पाठवायचे, असा तो खर्चिक प्रकार. जावावाल्यांनी सर्व्हलेट आणले, म्हणजे छोटा सेवक. १९९६ च्या मे महिन्यात त्यांची घोषणा झाली. पावनी दिवाणजी यांनी सनमध्ये असताना त्यांचा पहिला नियमग्रंथ लिहिला आणि जून १९९७ मध्ये तो पक्का झाला. ज्या सर्व्हरमधून हे सेवक प्रथम बाहेर पडले, त्याचे आतले टोपणनाव जीव्ह्ज होते. वुडहाउसच्या गोष्टींमधल्या, मालकाचे सगळे लक्षात ठेवणाऱ्या हुशार सेवकाचेही नाव हेच.

सर्व्हलेट एकदा जागा झाला की जागाच राहतो, आणि एकच सर्व्हलेट एकाच वेळी अनेकांची कामे करतो. ह्यामुळे वेग मिळाला, पण एक नवा धोकाही आला. एखाद्या नवशिक्याने गिऱ्हाइकाचे नाव सर्व्हलेटच्या स्वतःच्या खिशात, म्हणजे सर्वांना सामाईक असलेल्या जागेत ठेवले, तर त्याच क्षणी आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ते दिसू शकते. एकाच्या खात्यातली रक्कम दुसऱ्याच्या पडद्यावर! एकटा माणूस तपासत बसला तर हा दोष कधीच दिसत नाही. गर्दी झाली की दिसतो. घरातल्या मंडळींनी सांगितले की जावाच्या मुलाखतींत हा प्रश्न हमखास विचारतात.

म्हणून माहिती कुठे ठेवायची, ह्याचे चार कप्पे ठरले. १९९९ साली आलेल्या जेएसपी ह्या पाने रचण्याच्या पद्धतीत ते नीट नावानिशी दिसतात: पान, विनंती, सेशन आणि ॲप्लिकेशन. वर्गात शिकवायचे असते तर मी असे सांगितले असते. 'पान' म्हणजे शिक्षकाने स्वतःपुरते केलेले कच्चे टिपण. 'विनंती' म्हणजे तासाला फळ्यावर लिहिलेले, तास संपला की पुसले. 'सेशन' म्हणजे हजेरी क्रमांक घातलेली मुलाची वही, शाळेच्या कपाटात ठेवलेली. 'ॲप्लिकेशन' म्हणजे व्हरांड्यातला सूचना फलक, सगळ्यांसाठी एकच. मुलाच्या वहीतला मजकूर सूचना फलकावर लागला तर काय होईल ते सांगायला नको.

बिल्ल्याचे नावही ठरले, जेसेशनआयडी. न्याहाळक कुकी घेत नसेल तर तो क्रमांक पत्त्याच्या शेपटीला, अर्धविरामानंतर जोडायची सोय होती. ती सोय घातकच म्हणायची. कोणी आवडलेल्या पानाचा पत्ता मित्राला पाठवला, की त्याबरोबर स्वतःचा बिल्लाही पाठवला. मग मित्र तुमच्याच नावाने आत. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या सर्व्हलेटच्या तिसऱ्या आवृत्तीत क्रमांक फक्त कुकीतूनच न्यावा असे सांगण्याची सोय झाली. पण उघड्या वायरलेस जाळ्यावर कुकीसुद्धा हवेतून उचलता येते, हे ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचे साधन प्रसिद्ध करून सर्वांच्या डोळ्यांपुढे ठेवले. त्यामुळे प्रवेशाच्या पानापुरतेच नव्हे, तर सगळेच संभाषण कुलूपबंद ठेवावे, ही मागणी जोर धरू लागली.

आता एक बारीक वाटणारी, पण पैशाशी गाठ असलेली गोष्ट. एका सर्व्हलेटने काम करून उत्तराचे पान रंगवायला दुसऱ्याकडे द्यायचे, तर दोन रस्ते आहेत. पहिला फॉरवर्ड. कागद आतल्या आत पुढच्या टेबलावर सरकवला जातो, न्याहाळकाला कळतही नाही आणि 'विनंती'च्या कप्प्यातली माहिती शाबूत राहते. क्रेग मॅक्लानहन यांनी मे २००० मध्ये अपाचीला दिलेली स्ट्रट्स ही चौकट मुख्यतः ह्याच रस्त्याने चालत असे. दुसरा रस्ता रिडायरेक्ट. खिडकीवरचा माणूस म्हणतो, "तुम्ही आता पलीकडच्या खिडकीवर जा." न्याहाळक नव्याने विनंती करतो, आणि फळा पुसला गेलेला असतो.

पहिल्या रस्त्यातली मेख ही, की पैसे भरल्यावर कोणी पान ताजे केले तर न्याहाळक तीच विनंती पुन्हा पाठवतो आणि पैसे दुसऱ्यांदा जाऊ शकतात. 'मागे जाऊ नका, पान ताजे करू नका' अशा तांबड्या अक्षरांतल्या सूचना अनेकांनी वाचल्या असतील. त्यांचे मूळ इथे आहे. उपाय असा, की काम झाले की गिऱ्हाइकाला दुसऱ्या पानावर धाडायचे. मग कितीही वेळा ताजे केले तरी पावतीचे पानच पुन्हा येते. ह्यासाठीचा ३०३ हा संकेत एचटीटीपीच्या १९९७ च्या नियमांत होता. जावावाल्यांना ही रीत पटवून देण्यात २००४ मधल्या मायकल जुराव्लेव यांच्या लेखनाचा वाटा मोठा.

पण फळा पुसला, तर 'आपला अर्ज मिळाला' ही एक ओळ नव्या पानापर्यंत पोचवायची कशी? सेशनमध्ये ठेवली तर ती तिथेच राहते आणि नको तेव्हा पुन्हा डोके वर काढते. म्हणून एकदाच वाचता येईल आणि वाचताच नाहीशी होईल, अशी चिठ्ठी निघाली. तिला फ्लॅश म्हणतात. रेल्स ह्या दुसऱ्या घराण्यातल्या चौकटीने ती लोकप्रिय केली. जावाच्या जेएसएफमध्ये ती २००९ साली आली आणि स्प्रिंगच्या ३.१ आवृत्तीत डिसेंबर २०११ मध्ये. एका विनंतीपासून पुढच्या विनंतीपर्यंत, एवढेच तिचे आयुष्य. मला ही सर्वांत शहाणी आठवण वाटते.

ह्या सगळ्यात सामान्य माणसाचा संबंध कुठे येतो, ते सांगते. सेशनला आयुष्यमर्यादा असते. टॉमकॅट ह्या प्रसिद्ध जावा सर्व्हरमध्ये कोणी काही न बदलल्यास ती तीस मिनिटांची आहे. तेवढा वेळ तुमच्याकडून हालचाल झाली नाही, की कप्पा रिकामा. मध्यंतरी मी निवृत्तिवेतनासंबंधीचा चार पानी अर्ज एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर भरत होते. तिसऱ्या पानावर जुन्या सेवापुस्तकातल्या तारखा मागितल्या होत्या. ट्रंक उघडून कागद शोधून, चष्मा लावून, एकेक तारीख लिहून बटण दाबले, तर पडद्यावर 'आपले सत्र समाप्त झाले आहे'. तिन्ही पाने गेली. वेळ संपत आल्याची सूचना नाही, अर्धा अर्ज राखून ठेवायची सोय नाही. मर्यादेचा आकडा कोणा तरुण माणसाने, भरभर टंकणाऱ्या तरुण माणसाला समोर ठेवूनच मांडला असणार. हाताला कंप असणाऱ्याने, एका बोटाने टंकणाऱ्याने, वीज गेलेल्या गावातल्या माणसाने काय करायचे? सेशन संपण्याआधी इशारा देणे आणि अर्धवट अर्ज कायमच्या नोंदवहीत उतरवून ठेवणे, दोन्ही जावात सहज शक्य आहे. प्रश्न तंत्राचा नाही, कोणाची आठवण ठेवायची ह्या इच्छेचा आहे.

पण दुसरी बाजूही खरी. तीच मर्यादा नसती तर सायबर कॅफेत खाते उघडे ठेवून उठलेल्या माणसाचे काय झाले असते? पुढच्या गिऱ्हाइकाने आयते घर लुटले असते. लवकर विसरले तर म्हाताऱ्यांचे हाल, उशिरा विसरले तर बेसावधांचे. मर्यादा किती ठेवायची ह्याचे एकच उत्तर नाही. तिच्या दोन्ही टोकांना माणसे उभी आहेत, एवढे आकडा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असावे.

कुकीनेही पुढे वेगळे वळण घेतले. दुकानाने दिलेला बिल्ला दुकानापुरता असावा, ही मूळ कल्पना. पण एकाच जाहिरातदाराच्या पाट्या शंभर संकेतस्थळांवर लागल्या, तर त्याचा एकच बिल्ला सगळीकडे दाखवला जातो आणि तुम्ही कुठून कुठे गेलात ह्याचा माग लागतो. १२ फेब्रुवारी १९९६ रोजी लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने कुकीबद्दल लेख छापला, तेव्हा कुठे लोकांना कळले की आपल्या संगणकात असे काही साठते आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टल आणि खुद्द मॉन्टुली यांनी लिहिलेल्या नियमांत अशा परक्या कुकींना मुळातच आळा घालावा असे सुचवले होते. प्रमुख न्याहाळकांनी ते मनावर घेतले नाही. सफारीने त्यांना पुरता मज्जाव केला तो मार्च २०२० मध्ये. क्रोममधून त्या काढण्याचा २०२० साली जाहीर केलेला बेत गूगलने जुलै २०२४ मध्ये सोडून दिला.

मधल्या काळात सर्व्हर एकाचे शंभर झाले. बिल्ला एका स्टँडचा आणि चपला दुसऱ्या स्टँडवर, अशी पंचाईत होऊ लागली. मग एका गिऱ्हाइकाला सतत त्याच सर्व्हरकडे पाठवा, नाहीतर सगळ्या फळ्यांवर चपलांच्या प्रती ठेवा, असे उपाय झाले. रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या आपल्या प्रबंधात बजावले होते, की प्रत्येक विनंतीने स्वतःचे सगळे संदर्भ सोबत आणावेत, सर्व्हरने काही लक्षात ठेवू नये. पुढे लोक पुन्हा त्या मार्गाला लागले. मे २०१५ मध्ये प्रमाणित झालेले जेडब्ल्यूटी नावाचे ओळखपत्र त्याच विचाराचे. माहिती गिऱ्हाइकाच्याच हातात, पण तीवर सर्व्हरची गुप्त मोहोर. खाडाखोड केली की मोहोर जुळत नाही. शाळा सोडल्याचा दाखला असतो तसा. म्हणजे लपवलेल्या रकान्यांपासून निघालेली वाट, मोहोर घेऊन, पुन्हा गिऱ्हाइकाच्या हातापाशी आली. ह्यातही खोट आहेच: एकदा दिलेला दाखला मुदतीआधी परत घेणे कठीण. बिल्ला रद्द करायचा तर फळीवरचा कप्पा रिकामा केला की झाले.

इतिहासात हे नेहमीचे आहे. जुना उपाय मोडीत निघतो, नवा येतो, नव्याची खोट दिसली की जुन्याची आठवण होते आणि तो थोडा सुधारून परत आणला जातो. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० साली ओरॅकलने घेतली. २०१७ साली ओरॅकलने ही सगळी सर्व्हरची बाजू एक्लिप्स फाउंडेशनच्या हवाली करण्याचे ठरवले, आणि २०२० साली त्या संचाचे नावही जावाएक्सचे जकार्ता झाले. पण आतली ती सेशन मागण्याची, तिच्यात ठेवण्याची आणि काढण्याची आज्ञा मात्र नव्वदच्या दशकाअखेरीस होती तशीच आहे.

असो. जावात सेशनसाठी आणखी एक आज्ञा आहे, इनव्हॅलिडेट. आपण 'बाहेर पडा' हे बटण दाबतो तेव्हा ती चालते, कप्पा रिकामा होतो आणि आपल्या हातातला बिल्ला निकामी होतो. नुसती खिडकी मिटली तर ती चालत नाही, कारण खिडकी मिटल्याचे त्या विसरभोळ्या सर्व्हरला कळतच नाही. तो मुदत संपेपर्यंत आपली वाट बघत बसतो. तेव्हा वाचनालयात, बँकेत किंवा दुसऱ्याच्या घरी संगणक वापरलात, तर उठण्याआधी ते बटण आठवणीने दाबा. आपल्याला विसरायला त्याला आपणच सांगायचे असते.